मेळ

चंद्र, पाऊस, जुनें घर आणि हरवलेली छत्री यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालें आहे. वहीखात्यावर मात्र कोणी निबंध लिहिल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं. हिशेब हा विषय रुक्ष, तो मुनिमांनीं आणि दिवाणजींनीं पाहावा, रसिकांनीं त्याच्या वाटेस जाऊं नये, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. मला तो कधींच पटला नाहीं. ज्या घरांत मी वाढलों तेथें रात्रीच्या जेवणाची वेळ घड्याळावर ठरत नसे. ती रोजमेळावर ठरत असे. माझे वडील धुळ्यांतील एका अडत-दुकानांत दिवाणजी होते. दिवसाची जमा, दिवसाचा खर्च आणि पेटींतील रोकड यांचा मेळ बसल्याशिवाय ते गादीवरून उठत नसत. एक रुपया कमी निघाला तर शोध सुरू होई; आणि नवल असें कीं, एक रुपया जास्त निघाला तर तो शोध अधिक कसोशीनें चाले. कमी पडलेला रुपया पदरचा घालतां येतो, पण जास्त निघालेला रुपया कोणाचा तरी असतो, असें ते म्हणत. आईला हें तत्त्व मान्य होतें. फक्त भाकरी निवतात, एवढीच तिची तक्रार असे.

अशा घरांत वाढल्यामुळें, आणि पुढें मी स्वतः जळगांवांत तीस वर्षें हिशेबाचेंच काम केल्यामुळें, हल्लीं जिला माहिती-प्रणाली म्हणतात तिचें मला फारसें अप्रूप वाटत नाहीं. माल कोठून आला, किती आला, कोठें ठेवला, कोणास दिला आणि पैसा कोणाकडे राहिला, हें ज्याला बसल्या जागीं कळतें त्यालाच धंदा चालवितां येतो. हें कळण्याचें साधन लाल बासनांत बांधलेलें असो कीं कांचेच्या पडद्यावर उमटणारें असो, त्याची जात एकच. वडिलांच्या दुकानांत कच्च्या टिपणावरून कीर्द, कीर्दीवरून खतावणी आणि खतावणीवरून सालअखेरचा आढावा अशी पायऱ्यांची रचना होती. कीर्दींतील प्रत्येक रकमेपुढें खतावणीचें पान लिहिलेलें असे, आणि खतावणींत कीर्दीचें. म्हणजे एक वही दुसरीचा पत्ता सांगे. ज्या रकमेचा धनी ठरला नसेल ती उचंत खात्यांत बसून आपल्या धन्याची वाट पाही. दिवाळीला वह्यांची पूजा होई, ती केवळ रूढि म्हणून होत होती असें मला वाटत नाहीं. दुकानाची सगळी आठवण त्या चार वह्यांत होती, आणि आठवण गेली तर दुकानच जाणार हें सर्वांना ठाऊक होतें.

परंतु या सुंदर व्यवस्थेंत एक गोष्ट मला लहानपणापासून खटके. वह्या मोडींत लिहिलेल्या असत, आणि समोर बसणाऱ्या शेतकऱ्याला बहुधा बाळबोधहि वाचतां येत नसे. त्याचा हिशेब त्याला वाचून दाखविला जाई. तो मान हलवी आणि अंगठा उठवी. वडील जें खरें तेंच वाचीत, याविषयीं मला तिळमात्र शंका नाहीं. पण तें खरें आहे हें शेतकऱ्याला कळण्याचा मार्ग वडिलांचा चेहरा हा एकच होता. चांगल्या चेहऱ्याचा दिवाणजी मिळाला तर त्याचें नशीब! दुकानाची माहिती दुकानाला पूर्ण होती; शेतकऱ्याच्या वांट्याला त्या माहितीची केवळ छाया येत होती.

भावाचीहि तीच कथा. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि हिंदी कापसाचे भाव असे चढले कीं, खानदेशची काळी जमीनहि लिव्हरपूलच्या बाजाराशीं बांधली गेली. थळ घाटांतून आगगाडी १८६५ च्या आरंभीं सुरू झाली. १८७० सालीं समुद्राखालून मुंबईपर्यंत तार आली. तेव्हांपासून विलायतेंतील भाव कांहीं तासांत मुंबईस आणि मुंबईचा भाव तितक्याच झपाट्यानें खानदेशांत येऊं लागला. पण तो कोणाकडे येत असे? ज्याच्या नांवानें तार येई त्याच्याकडे. वडिलांच्या दुकानावर मुंबईची तार प्रथम मालकाच्या हातीं पडे. ती तार आणि दुपारचा सौदा यांच्या मधले जे दोन-तीन तास असत, त्यांतच पुष्कळांची दिवाळी ठरून जाई. तारखात्यानें २०१३ च्या जुलैंत आपला निरोप घेतला तेव्हां वर्तमानपत्रांनीं मोठे हृद्य लेख छापले. मला मात्र त्या दोन-तीन तासांचीच आठवण झाली.

त्यांतून सौदा उघड्यावर होत असता तर निदान ऐकून तरी कांहीं कळलें असतें. पण आपल्या बाजारांत रुमालाखालीं हात घालून, बोटें दाबून भाव ठरविण्याची रीत होती. ज्याचा माल, तोच तेवढा आंकड्यांपासून दूर उभा! वऱ्हाडांत १८९७ सालीं आणि मुंबई इलाख्यांत १९२७ सालीं कापसाच्या बाजारांसाठीं जे कायदे झाले, त्यांचा मथितार्थ मला तरी एकच दिसतो: भाव, वजन आणि वजावट या तिन्ही गोष्टी दोन्ही पक्षांना दिसाव्या. पुढें उघड लिलाव आले, बाजारसमित्या आल्या, त्यांच्या निवडणुका आल्या, आणि निवडणुकांबरोबर जें येतें तेंहि आलें. तरी रुमाल निघाला हें कांहीं थोडें झालें नाहीं.

ही दृष्टि आपल्याला कायद्यानेंच शिकविली असें मात्र म्हणतां येणार नाहीं. चाळीसगांवाजवळ पाटण म्हणून स्थान आहे. तेथील भवानीच्या देवळांतील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं गेल्याच्या मागील शतकांत उजेडांत आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून तेथें मठ स्थापिला, आणि निकुंभ घराण्यांतील राजानें शके ११२८ मध्यें त्यास उत्पन्न लावून दिलें. लेखाचा पहिला भाग संस्कृतांत आहे. त्यांत वंश, विद्या आणि कीर्ति यांचें वर्णन आहे. पण शेवटीं बाजाराची गोष्ट आली आणि लेखानें भाषा बदलली. तो भाग मराठींत आहे. या गांवीं जो माल विक्रीस उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला येणारा कर मठास दिला आहे. दर घाण्यामागें पळीभर तेल द्यावें. येथें जें मापावयाचें तें मठाच्या मापानें मापावें, आणि मापाईचा अर्धा वांटा मठानें, अर्धा मापणाऱ्यानें घ्यावा. कीर्ति संस्कृतांत सांगितली तरी चालते. देणेंघेणें मात्र देणाऱ्याच्या भाषेंतच सांगितलें पाहिजे, हें त्या लेख खोदविणाऱ्याला आठशें वर्षांपूर्वीं कळलें होतें. विकणाऱ्याचें माप नव्हे, घेणाऱ्याचेंहि नव्हे, तर मठाचें माप! आणि हें सगळें बासनांत बांधलें नाहीं; दगडावर कोरून देवळांत लावलें.

यंत्राचा इतिहासहि असाच गमतीचा आहे. व्यापारी हिशेबासाठीं संगणक प्रथम कोणी राबविला असेल, अशी कल्पना केली तर आपल्यापुढें एखादी मोठी पेढी किंवा पोलादाचा कारखाना उभा राहतो. वस्तुतः तो मान लंडनच्या जे. लायन्स या चहाचीं दुकानें चालविणाऱ्या कंपनीकडे जातो. १९५१ सालीं तिनें ‘लिओ’ नांवाच्या स्वतः बांधलेल्या यंत्रावर आपल्या भट्टींतील पाव आणि केक यांचा हिशेब सुरू केला. हजारों लहान लहान विक्रीचे आंकडे, प्रत्येकांत नफा एखाद्या पैचा. तेव्हां कोणता जिन्नस फायद्याचा आणि कोणता तोट्याचा, हें चटकन् कळणें त्यांना जीवनमरणाचें होतें. ज्याचा नफा मोठा त्याला अज्ञान परवडतें. ज्याचा बारीक, त्याला तें परवडत नाहीं. खानदेशांतील केळीवाला, जिनवाला आणि तेलघाणीवाला हे या दुसऱ्या वर्गांत मोडतात, आणि सर्वांत अधिक मोडतो तो शेतकरी.

या सगळ्या विचारांना निमित्त झाला तो माझा पुतण्या. धुळ्याहून जळगांवास येतांना पारोळ्याच्या अलीकडे त्यानें दोन भागीदारांसह कापसाची जिनिंग फॅक्टरी घेतली आहे. तीन वर्षांपूर्वीं त्यानें तेथें संगणकाची संपूर्ण व्यवस्था बसविली आणि ती पाहावयास मला मुद्दाम नेलें. कापसानें भरलेली गाडी काट्यावर चढली कीं वजन आपोआप नोंदलें जातें. गाडी रिकामी होऊन परतली कीं निव्वळ वजन निघतें. ओल मोजणारें यंत्र कापसांत खुपसलें कीं ओलीचा टक्का नोंदींत जातो. कोणत्या ढिगांतील कापूस कोणत्या दिवशीं यंत्रावर गेला, त्याची रुई किती, सरकी किती, घट किती, हें संध्याकाळीं एका पानावर येतें. क्विंटलभर कापसापासून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. आंकडा त्याच्या खालीं गेला कीं समजावें, एक तर कापूस हलका आला, नाहीं तर यंत्राच्या दांत्यांत बिघाड आहे, नाहीं तर माल कोठें तरी पाय फुटून जातो आहे. १७० किलोंच्या प्रत्येक गांठीला आपला क्रमांक आहे, आणि त्या क्रमांकावरून ती कोणाच्या कापसाची, हेंहि बरेंचसें सांगतां येतें. माझ्या उमेदीच्या दिवसांत हें सगळें आम्हांला हंगाम संपल्यावर, अक्षय्यतृतीयेच्या सुमारास कळत असे. म्हणजे गळती थांबविण्याचा काळ निघून गेल्यावर. मीं मनापासून त्याची पाठ थोपटली. वडील असते तर त्यांनीं त्या पडद्यालाहि हळदकुंकू वाहिलें असतें.

मग पुतण्यानें हळूच विचारलें, “काका, एक गोष्ट ठरत नाहीं. ओलीची वजावट पावतीवर वेगळी दाखवूं, कीं सरळ निव्वळ भाव लिहूं? दोन्ही सोयी आहेत. एक खूण केली कीं झालें.”

“तुला काय वाटतें?”

“मला दाखवावीशी वाटते, भागीदारांना नको आहे. समजा, भाव ७,५०० ठरला आणि ओल ठरलेल्या ८ टक्क्यांऐवजीं १० निघाली. दोन टक्क्यांचे १५० कापून ७,३५० द्यायचे. पावतीवर ते १५० दिसले कीं शेतकरी म्हणणार, शेजारचा जिनवाला कांहींच कापत नाहीं. तो सरळ ७,३५० भाव सांगतो आणि तेवढेच देतो. पैसे दोन्हींकडे सारखेच. पण कट्टी लावणारा म्हणून बदनामी माझीच.”

हा युक्तिवाद खोटा नव्हता. बाजारांत सरळपणाची किंमत पहिल्यानें सरळ माणसालाच द्यावी लागते, हें मीं उभ्या जन्मांत पाहिलें आहे. मीं म्हटलें, “तुझ्या पडद्यावर तर ती वजावट दिसणार ना?”

“दिसणारच. नाहीं तर मला उतारा कसा जुळवितां येईल?”

“मग जी गोष्ट तुला धंदा चालविण्यासाठीं लागते, ती त्याला लागत नाहीं काय? कापूस आणखी दोन दिवस खळ्यावर वाळवावा कीं आजच गाडींत भरावा, हें त्या १५० रुपयांवरून त्याला ठरवावयाचें आहे. तूं त्याला ७,३५० एवढाच आंकडा दिलास तर बाजार मंद आहे असें समजून तो घरीं जाईल, आणि पुढल्या खेपेसहि ओलाच कापूस आणील. तोहि एक कारखानाच चालवितो, बाबा. फक्त त्याला छप्पर नाहीं.”

पुतण्यानें भागीदारांची समजूत घातली आणि एक हंगामापुरती वजावट पावतीवर छापावयाचें ठरलें. पावतीचा मजकूर मुळांत इंग्रजी होता. तो त्यानें मराठी करून घेतला. ‘ओलीची वजावट’ हे शब्द ठळक अक्षरांत आले.

पहिल्या पंधरवड्यांत गाड्या कमी झाल्या. कांहीं जुने लोक पावती हातांत धरून, “भाऊ, हें काय नवीन?” म्हणत निघून गेले, ते शेजारच्या जिनांत दिसूं लागले. भागीदारांनीं पुतण्याला बोल लावण्यास कमी केलें नाहीं. नंतर हळूहळू एक निराळीच गोष्ट घडूं लागली. आवारांतील भांडणें बंद झालीं नाहींत, पण त्यांचा विषय बदलला. पूर्वीं तंटा माणसाच्या इमानावर होई: तुम्ही लुबाडतां, तुम्ही खोटें बोलतां. आतां तो यंत्रावर होऊं लागला: माझ्यासमोर पुन्हां लावा. इमानावरच्या भांडणाला शेवट नसतो. ओलीवरच्या भांडणाचा निकाल दोन मिनिटांत लागतो. एका म्हाताऱ्या बाईनें तर सर्वांना निरुत्तर केलें. गाडींतला वरचा कापूस उन्हानें कोरडा होतो आणि खालचा दबलेला राहतो. तुम्ही खालींच कां खुपसतां, असा तिचा सवाल होता. तेव्हांपासून प्रत्येक गाडींत तीन ठिकाणीं ओल मोजून सरासरी धरण्याचा नियम झाला. आणि मौज अशी कीं, या नियमानें पुतण्याचाच उताऱ्याचा अंदाज अधिक बरोबर येऊं लागला. हजारों रुपयांची प्रणाली बसविणाऱ्यांना जें सुचलें नव्हतें तें त्या बाईला सुचलें, कारण प्रथमच तिला आंकडा दिसला होता.

हंगामाअखेर जमाखर्च पाहिला तर खरेदी अपेक्षेपेक्षां कमीच भरली. गेलेल्यांपैकीं कांहीं परतले, कांहीं परतले नाहींत. सचोटीनें वागल्यामुळें भरभराट झाली, असें बोधकथेंत शोभणारें तात्पर्य मला येथें काढतां येत नाहीं. एवढेंच म्हणतां येईल कीं, कांहीं शेतकरी कापूस वाळवून आणूं लागले आणि ते पावत्या जपून ठेवूं लागले. एकानें तर गेल्या वर्षाची पावती खिशांतून काढून या वर्षीच्या पावतीशेजारीं ठेवली आणि मुलाला समजावून सांगितलें. त्या दिवसापासून पुतण्याची खतावणी दोन ठिकाणीं आहे, एक त्याच्या यंत्रांत आणि दुसरी त्या माणसाच्या खिशांत.

आजूबाजूला पाहिलें तर या बाजूनें कांहीं पावलें पडत आहेत. भारतीय कपास महामंडळ हमीभावानें खरेदी करतें तेव्हां ८ टक्के ओलीपर्यंत पूर्ण भाव, पुढें १२ पर्यंत दर टक्क्यास एक टक्का वजावट, आणि त्यावर खरेदी नाहीं, असा त्याचा जाहीर नियम आहे. शेतकऱ्याला घरींच हिशेब मांडतां येतो. आमच्या जळगांवच्या सराफ्यांत नवीन दागिना घेणाऱ्याला त्यावर सहा अक्षर-अंकांची खूण दिसते. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर ती असलीच पाहिजे, आणि गिऱ्हाइकाला ती आपल्या मोबाइलवर ताडून पाहतां येते. रावेर-सावद्याचा केळीवाला सकाळीं उठून प्रथम बऱ्हाणपूरचा भाव पाहतो. तार एकाच्या नांवानें येत असे. हा भाव सर्वांना एकदम कळतो.

तरी दिसणें म्हणजे वाचतां येणें नव्हे. २०२५ च्या हंगामांत महामंडळाच्या खरेदीसाठीं ‘कपास किसान’ या मोबाइलवरील साधनानें नोंदणी करावी लागली. ज्यांच्या घरीं शिकलेला मुलगा किंवा नातू होता त्यांचें काम झालें. नव्हता त्यांना दुसऱ्याचें दार गांठावें लागलें. पूर्वीं दिवाणजीच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवावा लागे, आतां नातवाच्या. नातवाचा चेहरा निदान घरचा असतो, इतका फरक खरा. पण अंगठ्याच्या जागीं केवळ दुसऱ्याचें बोट आलें, तर आपण फार पुढें आलों असें मला म्हणवत नाहीं.

प्रणाली विकावयास येणाऱ्या मंडळींचीं माहितीपत्रकें मी अजूनहि आवडीनें वाचतों. मालकाला काय काय दिसेल याची त्यांत लांबलचक यादी असते: साठा, येणें, देणें, गळती, नोकरांची हजेरी, उद्यांची गरज. समोरच्या माणसाला काय दिसेल, असा रकाना मला अद्याप एकाहि पत्रकांत आढळला नाहीं. वहीचा मेळ आपल्या आपल्यांत लावणें कठीण असलें तरी तें एकट्यानें करण्याचें काम आहे. रात्र जागून तें होतें. दोन माणसांच्या वह्यांचा मेळ लावावयाचा तर त्यांतील एकानें आपली वही आधीं उघडावी लागते. ती कोणी उघडावी, याचें उत्तर मला तरी स्पष्ट दिसतें: ज्याच्याजवळ काटा आहे त्यानें.

येत्या हंगामासाठीं पुतण्यानें काट्याच्या खोलीवर आंकडे दाखविणारा एक मोठा फलक बसविला आहे. त्याचें तोंड कचेरीकडे नाहीं, गाड्यांच्या रांगेकडे आहे. वजन, ओल आणि वजावट हे तीन आंकडे त्यावर उमटतील. परवां शेजारच्या जिनचे मालक तो पाहावयास आले होते. बराच वेळ मान वर करून पाहत राहिले, किंमत विचारली, चहा घेतला आणि निघून गेले.